मामांचं बोट

हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीतली लिफ्ट सहा मजले चढते, सहा मजले उतरते, आणि तिच्याबरोबर मामाही चढतात-उतरतात. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मामांनी जितकी उंची गाठली तितकी एखाद्या गिर्यारोहकानंही गाठली नसेल. फरक इतकाच, की मामा दर वेळी जिथून निघाले तिथंच येऊन टेकले. डॉक्टर, नर्स, सफाईवाल्या, पेशंटचे नातेवाईक, झाडून सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना स्वतःला एकही भाचा नाही, मूलबाळ नाही. पण असल्या माणसाला नात्यातली हाक मारायला लोकांना फार बरं वाटतं, कारण त्यात कुणाचं काही जात नाही.

लिफ्टच्या दाराशेजारी बटणांची पट्टी, आणि पट्टीखाली मामांचं लोखंडी स्टूल. बसलेल्या माणसाला उभ्या माणसांचं काय दिसतं? हनुवट्या. मामा अख्ख्या हॉस्पिटलला हनुवटीवरून ओळखायचे. आत शिरलेला माणूस दारावरच्या आकड्यांकडे असा टक लावून बघतो की जणू तिथं त्याचा निकाल लागणार आहे, आणि आपला मजला आला की बाहेर पडतो. "मामा, चौथा." "मामा, खाली घ्या." संपलं बोलणं. दिवसातून दोनशे वेळा हाक यायची, आणि कसे आहात म्हणून एकदाही कुणी विचारायचं नाही. मामांना हे लागायचं. ते डबा खायलासुद्धा लिफ्टच्या बाहेर जात नसत, कारण बाहेर त्यांच्या शेजारी बसेल असं कुणी नव्हतं.

त्यांची एक लकब मात्र सगळ्यांना ठाऊक होती. मामा बटण बोटानं दाबत नसत. डाव्या हातात बॉलपेन धरून त्याच्या मागच्या टोकानं दाबत. "मामा, बटणाला शॉक बसतो की काय?" असं कुणीतरी आठवड्यातून एकदा विचारायचं, आणि मामा आठवड्यातून एकदा हसून दाखवायचे. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला असायचा, झोपलेल्या तान्ह्या मुलाला जपावं तसा.

दुखणं त्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात होतं. दिसायला बोट अगदी धडधाकट. नखाच्या बुडाशी किंचित निळसर झाक, आणि नखावर एक बारीक उभी रेघ. पण ती बघायला बोट उजेडात धरावं लागे आणि बघणाऱ्याला सवड असावी लागे. तेरा वर्षांपूर्वी थंडीच्या एका सकाळी दाराची कडी काढताना पहिली कळ आली. कळ म्हणजे काय, तर नखाखाली तापलेली सुई खुपसून कुणी ती सावकाश फिरवावी. बोटातून मनगटात, मनगटातून कोपरात, तिथून पार दातांपर्यंत. दोन मिनिटांत गेलीसुद्धा. मामांना वाटलं, लचक भरली असेल. पण मग ती येतच राहिली. गार पाणी, गार लोखंड, गार वारा, नाहीतर कुणाचा साधा धक्का, काहीही पुरे व्हायचं. पाचव्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर होतं. तिथं लिफ्टचं दार उघडलं की आतल्या गारव्याचा झोत अंगावर यायचा, आणि मामा उजवा हात काखेत घालून डोळे घट्ट मिटायचे. लोकांना वाटायचं, मामा पेंगतायत.

आता तुम्ही म्हणाल, हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या माणसाला डॉक्टरांची काय वाण? अहो, तीच तर सगळी गोची होती. मामांच्या लिफ्टमधून रोज पन्नास डॉक्टर जायचे, आणि मामांची तपासणी व्हायची ती दोन मजल्यांच्या मधे. हाडांचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर उतरत, म्हणून त्यांच्या वाट्याला मामांचं बोट वीस सेकंद आलं. "एक्स-रे काढून घ्या." काढला. हाड काचेसारखं स्वच्छ. नसांचे डॉक्टर तिसऱ्यावर उतरत, त्यांनी तीस सेकंद दिले. हाताला वायरी लावून झाल्या, त्यातही काही निघालं नाही. एकानं संधिवात म्हटलं, एकानं कॅल्शियम कमी म्हटलं, एकानं मोबाइल कमी वापरा म्हणून बजावलं. मामांकडे तेव्हा मोबाइलच नव्हता. प्रत्येकानं एक्स-रे उजेडाला धरून पाहिला, रिपोर्ट उलटसुलट करून पाहिले. बोट हातात घेऊन कुणी पाहिलं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून मामांना सहाव्या मजल्यावर धाडलं. सहाव्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसत.

इथं मामांच्या एका गुपिताबद्दल सांगायला हवं. कळ थांबवायचा एक उपाय त्यांनी स्वतःच शोधून काढला होता. फायलींना लावतात तसलं रबरबँड घ्यायचं आणि बोटाच्या बुडाशी चार वेढे देऊन आवळायचं. बोट पांढरंफटक पडायचं आणि कळ जागच्या जागी थांबायची. फार वेळ ठेवता येत नसे, बोट बधिर व्हायचं. पण ती दोन-चार मिनिटं मामांना मोकळा श्वास मिळायचा. मनाच्या डॉक्टरांना ते रबरबँड दिसलं. त्यांनी बरंच काही विचारलं, लहानपणापासूनचं, आणि कागदावर लिहिलं. काय लिहिलं ते औषधं देणाऱ्या बाईनं मामांना वाचून दाखवलं: रुग्ण स्वतःच्या बोटाला इजा करून घेतो. मामांचे कान तापले. गोळ्या सुरू झाल्या, त्या गोळ्यांनी मामा स्टुलावर खरोखरच पेंगायला लागले, आणि पंधरा दिवसांत कामावर झोपल्याबद्दल हातात मेमो पडला. गोळ्या त्यांनी टाकून दिल्या. आणि ठरवलं, पुन्हा कुठल्याही डॉक्टरसमोर ते रबरबँड न्यायचं नाही. त्यानंतरही ते डॉक्टरांकडे जात राहिले, पण दाराबाहेर थांबून आधी रबरबँड सोडायचे, खिशात टाकायचे, बोटावरचा वळ चोळून घालवायचे, आणि मगच आत जायचे. आठ वर्षं त्यांनी हा नेम पाळला.

घरी बायको होती. ती एका शाळेत शिपाई होती, घंटा द्यायचं काम तिच्याकडे. सुरुवातीची वर्षं तिनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. तेल कोमट करून चोळलं. चोळल्यानं मामा किंचाळले, म्हणून ते बंद केलं. जुन्या लोकरी मोज्याचा तुकडा कापून बोटाला टोपी शिवली. भांडी, धुणं, बाजाराच्या पिशव्या, खिडक्यांच्या गार कड्या, जिथं जिथं मामांचा हात लागायचा तिथं तिथं हळूहळू तिचा लागायला लागला. घरात दोनच माणसं, पण मधे ते बोट एखाद्या रुसक्या पाहुण्यासारखं बसलेलं. सकाळची पहिली बातमी बोटाची. संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभरात कळ किती वेळा आली, कुणाचा धक्का लागला, पाचव्या मजल्यावर किती वेळा थांबावं लागलं, याचा पाढा. ती ऐकायची. चहा गाळता गाळता, कपडे घड्या घालता घालता ऐकायची.

मग चार वर्षांपूर्वी ती सकाळ उजाडली. दोघं कामाला निघाले होते. त्यांच्या इमारतीचा जिना बाहेरून होता, दगडी, आणि पहाटेच्या दवानं पायऱ्या ओल्या झालेल्या. वळणावर बायकोचा पाय घसरला. घसरणारं माणूस हाताला येईल ते धरतं. तिच्या हाताला मामांचा उजवा हात आला, आणि त्यातही नेमकं ते बोट. सगळं वजन त्या एका बोटावर. मामांचा हात मागे गेला. गेला, की त्यांनी घेतला, हा पुढच्या चार वर्षांचा प्रश्न. ती सात पायऱ्या खाली गेली.

खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला धावत आला, त्यानं तिला उचललं. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याच हॉस्पिटलात, त्याच लिफ्टमधून, स्ट्रेचरवर घालून तिला पाचव्या मजल्यावर नेलं, आणि बटण मामांनीच दाबलं. दार उघडलं, गारव्याचा झोत आला, आणि मामांचा हात सवयीनं काखेत गेला. स्ट्रेचरवरून ती बघत होती.

हॉस्पिटलातून ती परस्पर थोरल्या बहिणीकडे गेली. भांडण नाही, रडारड नाही. "मला जिना चढवणार नाही, आणि तुमच्याच्यानं मला धरवणार नाही," एवढं म्हणाली. बहिणीचं घर तळमजल्यावर होतं. महिना-दोन महिन्यांची गोष्ट म्हणून गेली आणि तिथलीच झाली. पहिलं वर्ष मामा दर रविवारी जात. मग महिन्यातून एकदा. मग फोनवर. फोनवर तरी माणूस किती बोलणार?

मामांनी या सगळ्याचा एकच अर्थ लावला: हिचा आपल्यावरचा विश्वास उडाला. रिपोर्ट सगळे स्वच्छ, डॉक्टर म्हणतात मनाचे खेळ, मग बायकोनं तरी का मानावं? हा माणूस ढोंगी आहे, कामचुकार आहे, आणि वेळेला यानं हात सोडला, असंच तिच्या मनात असणार. त्या दोन खोल्यांत एकटं बसून मामा हे पुन्हा पुन्हा घोळवायचे. समोर तिची खुर्ची, खिडकीत तिचं वाळून गेलेलं रोप. रेडिओ लावायचे आणि ऐकायचे नाहीत. आणि कधी कधी, अंधारून येता येता, याहून वाईट विचार यायचा. खरंच जर बोटात काही नसेल तर? सगळं मनाचंच असेल तर? तर मग हात मागे गेला नव्हता, आपण घेतला होता. असा विचार आला की मामा उठून बोट टेबलाच्या कडेवर हळूच आपटून बघायचे. कळ यायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि बरं वाटायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती ही गोष्ट.

मामांना आयुष्याकडून आता एकच गोष्ट हवी होती. एक कागद. ज्यावर शिक्क्यानिशी लिहिलेलं असेल की दुखत होतं. तो कागद बायकोच्या हातात द्यायचा, आणि तिला घरी घेऊन यायचं.

त्या वर्षी चौथ्या मजल्यावर कातडीच्या विभागात एक नवीन डॉक्टरीण आली. हनुवटीवर तीळ, हातात कायम एक जाडजूड वही. बोलायची कमी, बघायची जास्त. एका थंडीच्या सकाळी लिफ्टमध्ये ती एकटीच शिरली. मामांना नुकतीच मोठी कळ येऊन गेली होती आणि बोटाला रबरबँड तसंच होतं. ती दारावरच्या आकड्यांकडे न बघता मामांच्या मांडीकडे बघत होती.

"मामा, हे काय बांधलंय?"

"काही नाही मॅडम, सहज." मामा घाईघाईनं रबरबँड सोडायला लागले.

"थांबा, सोडू नका. ते बांधलं की दुखायचं थांबतं का?"

तेरा वर्षांत हा प्रश्न मामांना कुणी विचारला नव्हता. का बांधता, कधीपासून बांधता, बांधायची इच्छा केव्हा होते, हे सगळं विचारून झालं होतं. बांधल्यावर काय होतं, हे कुणाला जाणून घ्यावंसं वाटलं नाही. मामा "हो" म्हणाले, आणि चौथ्याचं बटण दाबायचं राहूनच गेलं. लिफ्ट चौथा मजला सोडून पुढं गेली.

"आणि गार लागलं की वाढतं?"

मामांनी मान हलवली.

"हाताला पसरतं, पण सुरुवात एकाच ठिकाणी होते?"

पुन्हा मान. पाचव्याचं दार उघडलं, झोत आला, आणि मामांचा हात काखेत गेला. डॉक्टरणीनं ते पाहिलं.

"दुपारी दोनला माझ्याकडे या," ती म्हणाली. "आणि हे रबरबँड घेऊन या. आधी चौथ्यावर सोडा मला."

दुपारी दोनला मामा आठ वर्षांत पहिल्यांदाच रबरबँड न लपवता एका डॉक्टरसमोर बसले. डॉक्टरणीनं आधीचे एक्स-रे बाजूला सारले आणि मामांचं बोट आपल्या तळहातावर घेतलं. नखावरची रेघ तिला लगेच दिसली. मग तिनं एक टाचणी घेतली, तिचं टोक आपल्या मुठीत धरलं, आणि मामांना म्हणाली, "डोळे मिटा. मी टाचणीच्या डोक्यानं दाबत जाईन. दुखलं की सांगा."

दाबलं. काही नाही. थोडं बाजूला, काही नाही. आणखी थोडं. मामांना वाटायला लागलं, आता हीसुद्धा म्हणणार, मामा, बोटात काही नाही. आणि पुढच्या क्षणी ते खुर्चीतून अर्धे उठले होते आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी ऐकला.

"सॉरी मामा. पुन्हा नाही दाबणार." तिनं पेननं नखावर बरोबर त्या जागी एक ठिपका काढला. टाचणीच्या डोक्याएवढीच जागा होती ती. तिच्यापासून केसभर अलीकडे-पलीकडे दाबलं तर काही व्हायचं नाही.

मग तिनं पडदे ओढले, दिवा बंद केला आणि मामांच्या बोटाखाली एक बारीक टॉर्च धरला. बोट आतून लालबुंद उजळलं. आणि त्या लाल उजेडात, नखाखाली, ठिपक्याच्या जागी, एक छोटा गडद डाग दिसत होता.

"हे बघा तुमचं दुखणं," डॉक्टरीण म्हणाली.

मामांनी पाहिलं. तेरा वर्षं जे फक्त त्यांच्या एकट्याच्या आत होतं, ते आज दोन माणसं मिळून बघत होती. मामा त्या अंधारात रडले. डॉक्टरणीनं दिवा लावायची घाई केली नाही.

नंतर तिनं समजावून सांगितलं. बोटांच्या टोकाला रक्ताच्या बारीक नळ्यांची छोटी छोटी वेटोळी असतात. थंडीत किती रक्त सोडायचं, उन्हात किती, हे त्यांचं काम. त्यातल्याच एका वेटोळ्याची कधी कधी गाठ होते. क्वचित होते, त्यामुळे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. कॅन्सर नव्हे, जिवाला धोका नाही, अंगात कुठं पसरत नाही. साधी गाठ, पण राहते नखाखाली, जिथं हलायला जागा नाही, आणि दुखते मात्र राक्षसासारखी. "रक्त अडवलं की ती शांत होते. म्हणून तुमचं रबरबँड. हीच तर तिची खूण आहे, मामा. तुम्ही आधीच्या डॉक्टरांना दाखवलं नाहीत का?"

मामांनी समोरचं रबरबँड हातात घेतलं. आठ वर्षं ते नेमकी तीच खूण खिशात घालून डॉक्टरांपुढे बसले होते. कुणाला बोल लावणार?

सोनोग्राफीत गाठ दिसली, आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. ऑपरेशन कसलं, एका बोटाचं. बुडाशी दोन सुया देऊन बोट बधिर केलं, आणि रक्त थांबवायला डॉक्टरणीनं हातमोज्याचं एक बोट कापून त्याचं कडं मामांच्या बोटात घट्ट बसवलं. "तुमचाच उपाय," ती म्हणाली, आणि मामांना हसू आलं. नख उचललं, खालच्या मांसाला छोटी चीर दिली आणि गाठ अलगद बाहेर आली. मोहरीहून मोठी, वाटाण्याहून लहान. गुलबट-करडी, ओलसर, चमकणारी. काचेच्या ताटलीत ठेवून तिनं ती मामांना दाखवली.

"घरी नेता येईल का हो?"

"नाही मामा, ती तपासायला जाते. तिचा रिपोर्ट मिळेल तुम्हाला."

बारा दिवसांनी टाके निघाले आणि रिपोर्ट आला. गाठ साधीच होती, पूर्ण निघाली होती. मामांनी कागद हातात घेतला, पण उठले नाहीत.

"मॅडम, यात आणखी एक वाक्य घालता येईल का?"

"कसलं?"

"की या बोटाला कुणी धरलं, जोरात धरलं, तर हात आपोआप मागे जातो. माणसाच्या हातात नसतं ते."

डॉक्टरणीनं का, कशासाठी, काही विचारलं नाही. रिपोर्टमध्ये तिला काही घालता येत नव्हतं, म्हणून आपल्या नावाचा वेगळा कागद घेऊन तिनं त्यावर ते वाक्य लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मामा तडक समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि दोन्ही कागद पाठीला पाठ लावून लॅमिनेट करून घेतले.

रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मामा मेहुणीकडे गेले. मेहुणीनं दार उघडलं, बोटाची पट्टी पाहिली, दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि पिशवी घेऊन बाजारात निघून गेली. बायको खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टीप घालत होती. केस बरेच पिकले होते. मामा समोर बसले आणि बोलायला लागले. लिफ्टमधला प्रश्न, टाचणी, टॉर्च, लाल उजेड, ताटलीतली गाठ. काही म्हणजे काही गाळलं नाही. टाचणीचा प्रसंग तर दोनदा सांगितला. पाऊण तास. शेवटी पिशवीतून तो चकचकीत कागद काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. "बरं झालं," ती म्हणाली. "सुटलात एकदाचे." आणि कागद परत दिला.

मामा वाट बघत राहिले. ती पुन्हा टीप घालायला लागली.

"आता तरी पटलं ना?" मामांनी विचारलं.

"काय पटायचं?"

"खरंच दुखत होतं ते."

तिनं सुई थांबवली. "दुखत नाही असं मी कधी म्हटलं?"

"तू म्हटलं नाहीस, पण मनात..."

"अहो, तुम्ही झोपेत कण्हायचात. झोपेत कुणी सोंग करतं का? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं दुखतं ते. सगळे डॉक्टर नाही म्हणत होते तेव्हासुद्धा माहीत होतं."

मामांनी कागद उलटून मागची बाजू तिच्यापुढे धरली. "आणि तो हात? जिन्यावरचा?"

"तो सुटणारच होता. माझीच चूक, तेच बोट माझ्या हाताला आलं. त्याचा राग नाही मला."

"मग चार वर्षं तू इथं का राहिलीस?"

बायकोनं अभ्रा बाजूला ठेवला. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "मी खाली पडले होते. पाय वाकडा झाला होता, हलवता येत नव्हता. तुम्ही वर पायरीवर बसला होता, बोट धरून. मी वर तुमच्याकडे बघत होते, की आता हे काय विचारतायत. आठवतं, तुम्ही काय म्हणालात?"

मामांना आठवत नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, 'नेमकं तेच बोट धरलंस.'"

मामांना ते वाक्य आठवलं. आवाजासकट आठवलं. तो आपलाच आवाज होता.

"त्याला चार वर्षं झाली," बायको म्हणाली. "तुम्ही दर रविवारी यायचात. बोटाचं सांगायचात आणि जायचात. माझं कुठं दुखतं, हे तुम्ही अजून एकदाही विचारलेलं नाही."

मामांनी एकेक रविवार आठवून पाहिला. एकात तरी तो प्रश्न सापडेल अशी त्यांना आशा होती. पहिल्या वर्षाचे सगळे रविवार त्यांनी धुंडाळले, नंतरचे फोन धुंडाळले. सगळीकडे बोटच होतं. आपल्याला तेरा वर्षं कुणी विचारलं नाही, याचा त्यांनी पै-पैचा हिशेब ठेवला होता, आणि समोर बसलेलं हे माणूसही न विचारलेलंच राहिलं होतं. ते इतके लाजले की त्यांना उठून जावंसं वाटलं. पण उठून गेले असते तर पुन्हा तेच झालं असतं, हे त्यांना कळलं.

"कुठं दुखतं?" त्यांनी विचारलं.

तिनं बाजूचा अभ्रा उचलून घडी घातली, पुन्हा उलगडली. सांगावं की नाही, ते ठरवत होती. मग तिनं खुब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथं. सकाळी उठताना. पहिली चार पावलं टाकेपर्यंत."

मग हळूहळू बाकीचं आलं. जमिनीवर बसता येत नाही. कुशीवर झोपता येत नाही. बहीण करते सगळं, पण करताना सुस्कारा टाकते, आणि तो ऐकू येतो. शाळेत जागा भरली, दुसरी बाई घेतली. सकाळी साडेदहा वाजले की अजून हात घंटेसाठी वर जातो. मग कुणी पाहिलं नाही ना, म्हणून ती इकडेतिकडे बघते.

"गारठ्यात जास्त दुखतं," ती म्हणाली.

"मलाही गारठ्यात..." एवढं मामांच्या तोंडाशी आलं होतं. त्यांनी ते गिळलं. गिळायला फार जड गेलं, पण गिळलं, आणि विचारलं, "मग काय करतेस?"

"काय करणार? बसून राहते."

मेहुणी परत आली, चहा झाला, उन्हं कलली. घरी चल म्हणायला मामा आले होते. दुसरा मजला, बाहेरचा जिना, दगडी पायऱ्या. आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो जिना मनातल्या मनात तिच्या पायांनी चढून पाहिला, आणि घरी चल म्हणायचं सोडून दिलं. पिशवी उचलून उठले. ती भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत आली. चालताना तिचा डावा पाय किंचित मागे राहतो, हे मामांना आजच दिसलं.

"पुढच्या रविवारी येऊ?" त्यांनी विचारलं.

"या की," बायको म्हणाली. "पण तो कागद आणू नका."